पट्टीबाईच्या लेकीचं वय

माझ्या धाकट्या बहिणीला खोटं बोलता येत नाही, आणि या गोष्टीचा मला लहानपणापासून मनस्ताप आहे. लोकांना वाटतं, किती चांगला गुण! ज्यांना वाटतं त्यांनी तिच्याबरोबर एक आठवडा काढावा आणि मग बोलावं. एखादीनं हौसेनं नवे पडदे लावले आणि विचारलं, कसे दिसतात, तर ही म्हणणार, खोलीत उजेड कमी झाला. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. त्याला एकदा मोठ्या कंपनीत नोकरी लागत होती. मालकानं गमतीत हिला विचारलं, काय वहिनी, गाडी चालवताना डुलकीबिलकी लागते का यांना? ही म्हणाली, जेवण जड झालं तर लागते. झालं! नोकरी गेली ती गेली, वर नवरा महिनाभर अबोला धरून बसला. आणि ही माझ्याकडे येऊन विचारते, ताई, माझं चुकलं कुठं? मी कपाळावर हात मारून घेतला.

आता अशा बाईनं नोकरीला लागावं तरी कुठं? नगरपालिकेच्या तरणतलावाच्या तिकीट खिडकीवर. तिथं नियम असा की बारा वर्षांच्या आतल्या मुलांना अर्धं तिकीट. तुम्हीच सांगा, अर्ध्या तिकिटापायी वय न चोरणारी आई कुठं सापडते का? ओठावर लव आलेली, आवाज फुटलेली पोरं घेऊन आया यायच्या आणि डोळ्यांत डोळे घालून सांगायच्या, अकरावं चालू आहे. रोजची हुज्जत. म्हणून कुणा जुन्या साहेबानं खिडकीशेजारच्या भिंतीवर निळ्या रंगाची पट्टी मारून ठेवली होती. डोकं पट्टीखाली तर अर्धं, वर गेलं तर पूर्ण. आधीचे तिकीटवाले पट्टीकडे बघायचे, आईच्या तोंडाकडे बघायचे आणि अर्धं फाडून द्यायचे. माझी बहीण खिडकी सोडून बाहेर यायची. पोराचे बूट काढायला लावायची, गुडघे वाकवले असतील तर सरळ करायची, आईनं मागून हळूच डोकं दाबून धरलं असेल तर तो हात बाजूला करायची. तलावावर तिचं नावच पडलं, पट्टीबाई.

एकदा मी तिचा विसरलेला डबा द्यायला गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच एक आई रडकुंडीला आली. पोरगी नऊची आहे, अंगानं उंच आहे एवढंच, शाळेत विचारा हवं तर, असं ती परोपरीनं सांगत होती. पोरगी बिचारी मान खाली घालून उभी. मला तर दिसत होतं की लहान आहे, पुढचे दातसुद्धा नीट आले नव्हते. मी बहिणीला खुणावलं, दे की अर्धं. ती मला म्हणाली, "ताई, मला वय दिसत नाही. मला पट्टी दिसते." आणि पूर्ण तिकीट फाडलं. निघताना मी तिला वाटेल ते बोलले, पण तिच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही.

तिला एकच मुलगी. मी तिला मासोळी म्हणते, कारण तिचं सगळं बालपण पाण्यातच गेलं. आई कामावर, बाप गाडीवर, मग पोर कुठं ठेवणार? तलाव लोकांसाठी उघडायच्या आधी तासभर तिला पाण्यात सोडायचे, आणि मग शाळेला पिटाळायचे. ती झाली तेव्हा मी तिथं होते. ऐकीव सांगत नाही. तिचा बाप माल घेऊन कुठं तरी लांब गेलेला, त्यामुळे इस्पितळात बाळंतिणीजवळ मीच होते. नर्सनं पोर पहिल्यांदा माझ्या हातात दिली. माझी स्वतःची लेक, आमची चिमणी, तेव्हा सव्वा वर्षाची होती आणि स्टुलावर उभी राहून बाळाचा पाय ओढत होती. त्यामुळे मासोळीचं वय मला कुणी शिकवू नये. चिमणीहून ती सव्वा वर्षानं लहान, विषय संपला.

पण देवानं दोघींची मापं घेताना कसली गडबड केली कोण जाणे. मासोळीला दहाव्या वर्षीच पाळी आली. बाराव्या वर्षी ती आईच्या चपला घालायला लागली आणि वर्षभरात त्या तिला लहान पडायला लागल्या. आमची चिमणी मात्र जिथल्या तिथं. पंधरा पूर्ण झाली तरी दुकानदार तिला लहान मुलांचे कपडे दाखवतात. दोघी बरोबर निघाल्या की लोक मासोळीला विचारतात, धाकट्या बहिणीला फिरायला आणलंस का? मग चिमणी अशी काही दातओठ खाते की बघत राहावं.

तर ही मासोळी पोहायला लागली ती साधीसुधी नाही. तलावावर पोहणं शिकवणारे एक सर आहेत. कुणाचं तोंड भरून कौतुक करतील असा माणूस नव्हे, पण ते एक दिवस खिडकीवर येऊन माझ्या बहिणीला म्हणाले, ही पोर इथं ठेवू नका, इथं ती वाया जाईल. आमचा तलाव थंडीचे चार महिने बंद असतो. उरलेल्या दिवसांत पाण्यात पाय टाकायला जागा नसते. सर म्हणाले, सरकारी निवासी क्रीडाशाळा आहे, तिथं बारा महिने पाणी, शिक्षण, जेवणखाण, सगळं. फक्त वय पंधराच्या आत हवं. मासोळीला तेव्हा चौदा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते. म्हणजे यंदा जायचं, नाहीतर कधीच नाही. निवड चाचणीत ती पहिली आली. दुसरी आलेली मुलगी कुठल्या कुठं मागं. त्या दिवशी घरी आल्यावर मासोळी जेवली नाही, बोलत राहिली नुसती. तिथला तलाव कसा, पाण्यातल्या रेघा कशा, खोलीत मुली किती. तिच्या आईला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

फक्त वयाची तपासणी उरली होती. आता गंमत बघा. ही क्रीडाशाळा जन्माचा दाखला बघतच नाही. का, तर वर्षानुवर्षं लोकांनी खोटे दाखले आणले. एकेका पोराचे दोनदोन दाखले निघायचे, एक शाळेसाठी आणि एक खेळासाठी. आमचे सरच हसत हसत सांगायचे की त्यांनी आजवर किती पोरांना दोन वर्षांनी लहान केलं. मग शाळेनं कानाला खडा लावला. आता म्हणे माणसाचं ऐकायचं नाही, कागदाचंही नाही, हाडांचं ऐकायचं. डाव्या हाताचा, मनगटासकट, एक्स-रे काढायचा आणि हाडं सांगतील ते वय.

एक्स-रे आमच्याच सरकारी इस्पितळात, तळमजल्यावर. ज्या इस्पितळात मासोळी जन्मली तेच हे, प्रसूतीचा वॉर्ड वर दुसऱ्या मजल्यावर. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना बाकडी, शेवटी लोखंडी दार आणि त्यावर लाल दिवा. दिवा लागला की आत जायचं नाही. बोळात एका म्हाताऱ्याचा पाय फळीला बांधलेला, एक बाई छातीच्या फोटोसाठी ताटकळलेली, आणि त्यांच्या मधे आमची धडधाकट पोर. तिला आत नेलं, हात पाटीवर सपाट ठेव, बोटं फाकव, हलू नकोस म्हणाले आणि पाच मिनिटांत बाहेर पाठवलं. ती हसत आली. म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. चौदा वर्षांच्या मुलीच्या हाताला चौदाच म्हणतील, दुसरं काय म्हणणार?

आठवड्यानं अहवाल आला. हाडांवरून वय, सतरा वर्षे.

मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा आलाय. नाव बघितलं, नंबर बघितला. तिचाच. बहीण तो कागद हातात धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, हे चुकलंय, सांगितलं की दुरुस्त करतील. हिचा जगावर विश्वास फार. आम्ही क्रीडाशाळेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाला तिनं सरळ सांगितलं, मुलगी चौदाची आहे, हा दाखला, ही तिला जन्मताना बघितलेली माझी बहीण. कारकून कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, सगळ्या आया हेच सांगतात. मी अहवालातली खालची बारीक ओळ दाखवली, त्यात लिहिलं होतं की अंदाजात दोन वर्षांचा फरक पडू शकतो. त्यानं शांतपणे हिशोब केला. सतरातून दोन काढले तर पंधरा. पंधरा म्हणजे पंधराच्या आत नव्हे. मी म्हटलं, मग तीन काढा. तो म्हणाला, बाई, ही काय भाजी आहे का, घासाघीस करायला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बहिणीनं माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर गेलो, प्रसूतीच्या वॉर्डात. तिथल्या जुन्या नोंदीत मासोळी होती, वार, वेळ, वजन, सगळं. तिथली बाई चांगली होती, लगेच नक्कल दिली, शिक्का मारला. ती घेऊन कार्यालयात गेलो तर म्हणे कागद चालत नाही. आमच्याकडे वयाचा अहवाल तळमजल्यावरून येतो, तिथं जाऊन बोला. तळमजल्यावर गेलो तर म्हणे आम्ही फोटो काढतो, निर्णय कार्यालयाचा. अहो, एकाच इमारतीत वरच्या मजल्याला माहीत आहे की पोर कधी जन्मली, आणि खालचा मजला सांगतोय की ती त्याच्या तीन वर्षं आधी जन्मली. आणि दोघांमधे फक्त एक जिना. मी तो जिना इतक्यांदा चढले-उतरले की माझे गुडघे बोलायला लागले. माझं बॅगांच्या चेन बसवायचं दुकान आहे, ते त्या महिन्यात अर्धा वेळ बंदच होतं.

शेवटी फोटो वाचणारे डॉक्टर भेटले. अंधाऱ्या खोलीत दोन पडद्यांसमोर बसलेले, डोळे लाल, समोर थंडगार झालेला चहा. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हाला बसवलं आणि मासोळीच्या हाताचा फोटो पडद्यावर लावला. लहान मुलांच्या हाडाचं टोक आणि हाड यांच्यात काळी फट दिसते, म्हणाले, वाढ तिथं होते. मूल मोठं होत गेलं की ती फट बुजते. मासोळीच्या बोटांतल्या सगळ्या फटी बुजल्या होत्या, मनगटापाशी केसाएवढी रेघ उरली होती. त्यांच्याजवळ एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात वयाप्रमाणे हातांचे फोटो. त्यातल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या हाताशी हा हात जुळत होता.

बहिणीनं विचारलं, पाळी लवकर आली असेल तर? डॉक्टर म्हणाले, तर हाडं पुढं पळतात, हे अगदी शक्य आहे. हाड किती पिकलंय ते मला दिसतं, ते कधी जन्माला आलं ते दिसत नाही. मी म्हटलं, हेच लिहून द्या ना मग! त्यांनी डोळे चोळले. म्हणाले, मला एकच आकडा विचारतात, फोटो ज्या पानाशी जुळला तो आकडा मी देतो. आईनं सांगितलं म्हणून वेगळं लिहायला लागलो तर उद्या या बोळात आयांची रांग लागेल. मी विचारलं, त्या पुस्तकात हात कुणाचे आहेत? तर कुठल्याशा लांबच्या देशातल्या, कित्येक वर्षांपूर्वीच्या मुलांचे. म्हणजे कुणाच्या तरी आजी-पणज्यांच्या हातावरून माझ्या भाचीचं वय ठरणार! मी तोंड सोडणार होते, पण डॉक्टरांनी स्वतःच मान हलवली, तुमचं खरं असेल, म्हणाले. आता जो माणूस तुमचं खरं असेल म्हणतो आणि तरी काही करत नाही, त्याच्याशी भांडायचं तरी कसं? मी हात टेकले.

बाहेर आल्यावर बहीण जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "ताई, मी तरी खिडकीवर दुसरं काय करते?" मला त्या उंच पोरीची आठवण झाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं सरसकट सगळ्यांना अर्धी तिकिटं फाडायला सुरुवात केली. मिशीवाल्यालाही अर्धं. साहेबांनी बोलावून झापलं तेव्हा म्हणाली, आया सांगतात त्यावर माझा विश्वास आहे. नोकरी जाता जाता राहिली.

फेरतपासणीचा एक अर्ज करता येतो, असं सरांनी सांगितलं. दुसऱ्या केंद्रात पुन्हा एक्स-रे, आणि तो निकाल अंतिम. आम्ही आनंदलो, तर सर म्हणाले, आनंदायचं कारण नाही, हाडं महिनाभरात लहान होत नाहीत. मग आवाज खाली करून म्हणाले, हात बदला. मला कळलंच नाही. त्यांनी समजावून सांगितलं. फोटोच्या केंद्रात चिठ्ठी बघतात, तोंड कुणी बघत नाही. मासोळीच्या नावाची चिठ्ठी घेऊन दुसरी एखादी लहान मुलगी न्यायची, तिचा हात पाटीवर ठेवायचा. सगळे हेच करतात. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, तुमची चिमणी चालेल.

मी त्यांची खरडपट्टी काढली. म्हटलं, तुमच्यासारख्यांनी आजवर खोटी वयं लावली म्हणूनच आमच्या खऱ्या पोरीवर ही वेळ आली, आणि आता वर आम्हालाच अक्कल शिकवता? ते मान खाली घालून ऐकून गेले. बहिणीकडून मला भीतीच नव्हती. जिनं नवऱ्याची डुलकी लपवली नाही ती हे काय करणार?

दोन दिवसांनी ती माझ्या दुकानात आली. बसली नाही. म्हणाली, ताई, चिमणीला देशील? माझ्या हातातली चेन खाली पडली. मी म्हटलं, तू? ती म्हणाली, "खरं सांगून बघितलं. सगळीकडे सांगून बघितलं. आणि मी वय कुठं खोटं सांगतेय? वय खरंच आहे तिचं. हात तेवढा दुसरा." तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी चिमणीला दिली. आजही कुणी विचारलं तरी देईन, मला त्याचं काही वाटत नाही. चिमणी तर खूशच होती. हात माझा, नाव तिचं, आणि मोठी मी, म्हणून दिवसभर खिदळत होती.

मासोळीला त्या दिवशी घरी थांबायला सांगितलं. तिनं विचारलं, फोटो माझा आणि घरी मी का? दुसऱ्या कुठल्याही आईनं काहीतरी थाप मारली असती. माझ्या बहिणीनं होतं तसं सांगून टाकलं. मासोळी बरं म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

दुसरं केंद्र खाजगी होतं, गुळगुळीत फरशी, काचेचं दार. खिडकीवरच्या बाईनं चिठ्ठी वाचली, चिमणीकडे बघितलं आणि लाडानं म्हणाली, ये बाळ. चिमणीनं ठरल्याप्रमाणे माझ्या बहिणीला "आई, पाणी दे" म्हटलं. बहिणीचे कान असे लाल झाले की मला वाटलं, आता ही सगळं ओकणार. पण तिनं बाटली पुढं केली.

निकाल आला. तेरा वर्षे.

मोठीचा हात तेराचा आणि धाकटीचा सतराचा! सोळाव्यात चाललेल्या चिमणीला हे कळल्यावर ती दोन दिवस फुगून बसली. कार्यालयातला कारकून दोन्ही अहवाल शेजारी ठेवून बघत होता. सतरा आणि तेरा, चार वर्षांचा फरक, आता पकडतो. तर तो म्हणाला, पहिल्या वेळी तिकडे फोटोंची अदलाबदल झाली असणार, होतं असं कधी कधी. आणि शिक्का मारला. खरं घेऊन गेलो तेव्हा तो ऐकायला तयार नव्हता, आणि आता खोट्याला स्वतःच सबब शोधून देत होता. मला हसावं की रडावं कळेना.

जायची तयारी सुरू झाली. मी मासोळीच्या मोठ्या बॅगेला नवी चेन बसवली, तिच्या आईनं टॉवेलांना खुणा केल्या. पोर मात्र पूर्वीसारखी बोलत नव्हती. मला वाटलं, घर सोडायचं म्हणून. आरशासमोर फार उभी राहायला लागली होती. एकदा माझ्या दुकानात येऊन बसली आणि विचारलं, मावशी, आईच्या लग्नाला किती वर्षं झाली? मी हातातलं काम न थांबवता सांगितलं, अठरा. तिनं मान हलवली. मग विचारलं, मी लगेच झाले का? मी म्हटलं, नाही गं, वाट बघायला लावलीस चांगली, आणि आता उजेडातून बाजूला हो. मला मेलीला काय माहीत, ती कसला हिशोब करतेय?

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही तिघी बस स्थानकावर होतो. बाप नेहमीप्रमाणे गाडीवर. बस लागलेली, कंडक्टर सामान वर टाकत होता. मासोळीनं आपली बॅग त्याला दिली नाही. ती आईला खांबामागं घेऊन गेली, मी पाठोपाठ गेले.

"आई, आता सगळं झालंय," ती म्हणाली. "आता तरी मला खरं सांग. मी सतराची आहे ना?"

बहीण म्हणाली, "चौदाची आहेस तू."

"चौदाची असते तर चिमणीचा हात कशाला लागला असता? तू आयुष्यात कधी खोटं बोलली नाहीस. एकदाच बोललीस, ते माझ्या वयापायी. म्हणजे तिथंच काहीतरी असणार."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, अगं, तुला पहिल्यांदा मी हातात घेतलं, मी सांगते ना. ती माझ्याकडे वळली. रागानं नाही, अगदी शांतपणे म्हणाली, "मावशी, तू नको बोलूस. हात तुझ्याच घरून गेला."

बहीण पुन्हा पुन्हा सांगत राहिली. कुठला वार, काय वेळ, बाप कुठं होता. ती जितकं सांगेल तितकी पोर समजुतीनं हसत होती, मोठी माणसं लहानांना हसतात तशी. मी रागावणार नाही, म्हणाली, कुणाला सांगणारही नाही. पण मला तरी माझं वय माहीत हवं ना? कंडक्टरनं हाक मारली. मासोळीनं बॅग खाली ठेवली आणि तिच्यावर बसली. म्हणाली, सांगितलं नाहीस तर मी जात नाही.

बसवाल्यानं इंजिन सुरू केलं. बहिणीनं बसकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी जोरजोरात मान हलवली, नको म्हणून.

ती म्हणाली, "सतरा."

मासोळीनं मोठा श्वास सोडला. उठून तिनं आईला घट्ट मिठी मारली. "बघ, एवढंच हवं होतं मला. आधीच सांगितलं असतंस तर?" मग स्वतःच्या ओढणीनं आईचे डोळे पुसले आणि म्हणाली, रडतेस कशाला, मी कुठं रागावलेय? बॅग उचलून पळत जाऊन चढली आणि खिडकीतून हसत हात हलवत राहिली.

बस वळल्याबरोबर मी बहिणीवर तुटून पडले. स्थानकावरची माणसं बघत होती, मला पर्वा नव्हती. हे काय बोललीस, म्हटलं, आता फोन कर, आता सांग. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गेली ना ती, ताई?" आणि घराकडे चालायला लागली. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही.

मासोळी तिकडे रमली आहे. दोन स्पर्धा जिंकली. पुढच्या महिन्यात तिला पंधरा पूर्ण होतील. परवा फोनवर मी विचारलं, वाढदिवसाला काय पाठवू? खोलीतल्या मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज अगदी बारीक केला.

"मावशी, काहीतरी खास पाठव हं. अठरावा आहे माझा."

मी बरं म्हटलं.